शपथेसाठी विणलेला पाताद्योंग

प्रिय इंदाय मेर्लिता,

अक्षरं खेकड्यासारखी तिरकी चालली तर हसू नकोस. तुझ्या लोलाची, या म्हाताऱ्या आजीची, शाळा तिसरीतच संपली. पण कालपासून मी इतकी खुशीत आहे की लिहिल्यावाचून राहवेना. आधी घरचं. काळी डुकरीण व्याली. माझा म्हातारा, तुझा लोलो, माडी पिऊन अजून कोंबड्यांपुढे भाषणं देतो. कोंबडे ऐकून घेतात, मी घेत नाही.

तर काल चॅपलसमोर मांडव पडला होता. खाणवाले आर्नुल्फोसाहेब खासदार झाल्यापासून पहिल्यांदाच गावात आले. कुठल्या जागेवरचे खासदार, ते तुला मी काय सांगू! आम्हा विणकर बायकांच्या पक्षाची जागा ती. मतं पक्षाच्या नावाला पडतात हे ठाऊक होतं गं, पण यादीत पहिलं नाव तुझं, म्हणून मी गुडघे धरत डोंगरावरच्या घराघरांत गेले. माझ्याबरोबर विणणारी तेरिंग म्हणाली, "पक्षबिक्ष मला कळत नाही, लोला परिंग. तुझ्या शब्दावर देते." आणि जिंकल्यावर तू जागा सोडलीस. मागच्या दोघींनीही सोडली, आणि चौथं नाव निघालं साहेबांचं. घरगुती कारण, असं रेडिओवर म्हणाले. मी तांदूळ पाखडत होते. घर तर हेच, इंदाय. इथं कुठलं कारण होतं? दुसऱ्या दिवशी तेरिंगनं माझ्या शेजारचा आपला माग उचलून नेला.

असो. पाहुण्याच्या खांद्यावर कापड घालायचा मान सगळ्यांत म्हाताऱ्या विणकरणीचा, म्हणजे माझा. साहेबांनी मान वाकवली. मी उपरणं नाही, पाताद्योंग काढला; तुझ्या शपथेसाठी विणलेला, लाल चौकड्यांचा, गोल शिवलेला. साहेब हसले, "अहो लोला, हा तर बायकांनी नेसायचा!" मी म्हटलं, "जागाही बायकांचीच आहे की साहेब. घाला पाय, लाजू नका." मागून कोणीतरी ओरडलं, "गाठ मी मारून देते हो!" बँडवाल्याच्या तोंडातून पिपाणी निसटली. अगं, तेरिंग हसून हसून जमिनीवर बसली! साहेब लालबुंद होऊन गाडीत चढले, पाताद्योंग खुर्चीवरच टाकून. त्यांच्याबरोबर एकच बाई होती, फायली घेऊन. मोठा काळा चष्मा होता तिला. माझ्याकडे न बघताच ती गाडीत बसली. चालण्यावरून ओळखलं मी तुला. चालायला मीच शिकवलंय ना.

रात्री तेरिंग आपला माग परत घेऊन आली. पुढच्या खेपेला यादीत पहिलं नाव तिचं घालायचं, असं आम्ही बायकांनी ठरवलंय, आणि मी पुन्हा डोंगर चढणार आहे. तो पाताद्योंग मी तिला दिला. हे तुला माझ्याच हातून कळावं म्हणून हे पत्र. तुझं मला रेडिओवरून कळलं होतं.

तुझीच,
लोला परिंग