आदर्श शाळेचा शुभ्र पंचा

तीर्थरूप एइझोदादांना,

धाकट्या तोकुजीचा चटईला कपाळ टेकवून नमस्कार. तिकडे नागाओकाला बर्फ केव्हाच वितळलं असेल. इकडे डोंगरात छपरावरचे शेवटचे गोळे अजून वेळीअवेळी माणसांच्या डोक्यावर पडतात. तुमचा दवाखाना आणि वहिनींचे गुडघे (की दमा? मी नेहमी विसरतो) ठीक असावेत. मी ठणठणीत आहे. शाळाही तशीच होती, मागच्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी मुलांची आरोग्य तपासणी झाली. जिल्ह्यातली सर्वांत स्वच्छ शाळा म्हणून आमचंच नाव वर जाणार हे मी धरून चाललो होतो, आणि तयारीही तशी होती. आठवडाभर मुलांनी तांदळाच्या कोंड्याच्या पुरचुंड्यांनी लाकडी जमीन घासली होती. ती इतकी गुळगुळीत झाली, की सरकारी डॉक्टर मिनागावा दारातून आत शिरले ते थेट तिसरीच्या वर्गापाशी जाऊन थांबले. (पायात नुसते मोजे घालून कोणी घाई करू नये.) संडासात मी चुना टाकला होता. त्यावरून गोन्शिची भांडायला आला. गेली बारा वर्षं तिथलं खत तोच उपसून शेतात नेतो आणि दर हिवाळ्यात शाळेला मुळ्याच्या जुड्या देतो. "गुरुजी, सोन्याची माती केलीत," म्हणाला. "आणि पोरं हल्ली खातात तरी काय? खतात पहिल्यासारखा दम नाही राहिला." मी त्याला जंतूंविषयी पाऊण तास समजावलं. तो बसल्या बसल्या झोपला.

मग डोळे. इथे तर मी निर्धास्त होतो. तुम्हाला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी मी विहिरीपाशी एक शुभ्र पंचा टांगल्याचं कळवलं होतं. रोज सकाळी सगळ्यांनी तोंड धुवायचं आणि रांगेने त्याच पंच्याला पुसायचं. तुम्ही 'प्रत्येकाचा वेगळा असू दे' असं दोन ओळींत लिहिलंत, आणि मी अकरा पानी उत्तर धाडलं. (एका पंच्याने एकोपा वाढतो, हा मुद्दा सातव्या पानावर होता.) मिनागावा एकेकाच्या पापण्या उलटत गेले. एकशे बारांपैकी चौतीस मुलांना खुपऱ्या, एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात जाणाऱ्या. चौतीसही माझी आज्ञाधारक मुलं, स्वच्छतेची बक्षिसं मिळवलेली. तोंड न धुता कुंपणावरून उडी मारून वर्गात घुसणाऱ्या ज्या टोळीला मी रोज उभं करतो, तिचे डोळे निवडलेल्या तांदळासारखे स्वच्छ. एकतिसावं नाव माझ्याच लेकीचं, फुसाचं. मुख्याध्यापकांची मुलगी म्हणून ती दोनदा पुसायची. मला फार वाईट वाटलं, दादा, अजून वाटतं. मिनागावा म्हणाले, "रोज औषध लागलं नाही, तर यातल्या काहींची नजर जाईल. इथे डोळ्यांचं कोण बघतं?" कोणीच बघत नाही.

तरी काळजी नसावी. पंचा मी सगळ्यांसमोर जाळला आहे. आता प्रत्येक मूल घरून आपापलं फडकं आणतं. (उड्या मारणारी टोळी आणत नाही, पण तिला काही बोलायला मला तोंड राहिलेलं नाही.) पुढल्या वर्षी पहिला नंबर आमचाच, हे लिहून ठेवा.

आपला,
तोकुजी

ता. क. – मोरचुदाच्या कांड्या पाठवाल का? चौतीस जणांना पुरतील एवढ्या. पापणीवर कांडी कशी फिरवायची तेही सविस्तर कळवा. दोन ओळींत नको.

दुसरा ता. क. – कळवू नका. फुसाच्या डोळ्याला माझ्या हातून ते होणार नाही. तुम्हीच या. येत्या दहा तारखेला तुम्ही येताय असं मी गावात सांगूनही टाकलं आहे. चौतीस आया नदीवर नावेच्या धक्क्यावर उभ्या असतील, तेव्हा आता नाही म्हणणं तुम्हाला शोभणार नाही.

तिसरा ता. क. – मुलं संपल्यावर मिनागावांनी माझ्याही पापण्या उलटल्या. माझ्या खुपऱ्या सगळ्यांत जुन्या निघाल्या, चार-पाच वर्षांच्या. मुलांना कित्ता मिळावा म्हणून पंच्याला तोंड रोज पहिलं मी पुसायचो.