हरणाऱ्यांची फक्की

प्रिय बाबा,

आज आपल्या फुटबॉल कपची फायनल झाली. निकाल शेवटी सांगणार आहे, आधी नाही! सकाळी पेपर हातात पडला की मी आधी स्कोअर वाचायला लागायची आणि तुम्ही कानांवर हात ठेवायचात. "थांब वं, मॅच कशी झाली ते वाच पहिले." मग आता तुम्हीही थांबा. मैदानावरून आले, हातपाय धुतले, आईनं चहा दिला, आणि हे सगळं सांगायचं कुणाला म्हणून कागद ओढला. फोटोसमोर बोलायला मला जमत नाही. आईला जमतं, ती रोज भांडते तुमच्याशी.

कप यंदा होणारच नव्हता, बाबा. कॉलनीतले मागचे क्वार्टर रिकामे पडलेत, पोरं पुण्याला निघून जातात, टीमा जमत नाहीत. अख्खी नोकरी तुमच्याच शिफ्टमध्ये काढलेले, तुम्हाला भाऊ म्हणणारे मेश्राम काका मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊच्या नावानं एक शेवटचा कप घेऊ. मंग बंद. आता कोणाच्यानं होऊन नाही राहिलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. दुसऱ्या दिवशी पॉवर प्लांटच्या लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासताना तो 'शेवटचा' सारखा टोचत होता.

कप सुरू कसा झाला ते तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की मी तेव्हा जन्मले नव्हते हेसुद्धा मला खरं वाटत नाही. फुकटची राख आहे, चुना कशाला विकत घ्यायचा, म्हणून पहिल्या वर्षी तुम्ही शहाण्यांनी प्लांटच्या राखेनं लाइनी मारल्या. कोराडीच्या मैदानावर! जिथे झाडाची पानंसुद्धा राखाडी! अर्ध्या तासात लाइन कुठे गेली ते रेफ्रीला दिसेना, आणि बॉल आत की बाहेर यावरून दोन्ही टीमा एकमेकांच्या अंगावर गेल्या. कोळशातून वीज काढणारी माणसं, आणि एवढं कळू नये?

त्यानंतर पांढरी फक्की आली. लाइन सरळ यावी म्हणून ताणायचा दोर मात्र तुमचा, आजोबांच्या उमरेडच्या हातमागावर उरलेलं सूत वळून केलेला. लहानपणी मी एकदा हट्टानं लाइन मारली होती, तेव्हा तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "ही लाइन आहे का कोराडीची बस वळून राहिली?" सगळं मैदान हसलं. मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

आणि तुमचा तो नियम! हरलेल्या टीमनं घरी जायचं नाही, पुढच्या मॅचच्या लाइनी तिनंच मारायच्या. बाद पद्धतीचा कप, हरला तो गेला, हे जगभर चालतं. तुम्हाला ते 'गेला' पसंत नव्हतं. "हरला म्हणून घरी काहून जाते गा? धर दोर!" चिडलेली पोरं दोर धरायची, फक्की टाकता टाकता एकमेकांवर उडवायची आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या मॅचला टाळ्या वाजवत बसलेली असायची. फायनल हरणाऱ्यांना तर पुढची मॅचच नसते. त्यांच्याकडे पुढच्या वर्षीच्या पहिल्या मॅचच्या लाइनी. किती साधं, आणि किती बेरकी होतात हो तुम्ही! दरवर्षी कुणी ना कुणी पुढच्या वर्षासाठी अडकलेलंच.

रिटायर झाल्यावर माझ्या मोबाईलवर तुम्हाला तो चिमुकला देश सापडला. लिश्टेनश्टाइन. नाव शेवटपर्यंत तुमच्या जिभेवर बसलं नाही, "आपला तो देश" एवढंच म्हणायचात. आई विचारायची, "आपला कधीपासून झाला तो?" अवघे सात क्लब! स्वतःची लीग नाही, सगळे शेजारच्या स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये खेळतात. पण कप मात्र स्वतःचा, महायुद्ध संपलं त्या सुमारास सुरू झालेला. "पाह्य, आपल्यासारखेच आहेत," तुम्ही म्हणालात. आपल्याही टीमा लीग खेळायला नागपुरातच जातात ना! राजधानीचाच क्लब बहुतेक वेळा जिंकतो, हे वाचून मात्र तुम्ही खट्टू झालात. "मंग बाकीचे काहून खेळतात?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी भाजी निवडायला निघून गेले. कोरोनात तिथलाही कप थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला त्या दिवशी तुम्ही आईला शिरा करायला लावला होतात!

यंदा तोच देश उपयोगी पडला, बाबा. टीमा कमी पडतात म्हटल्यावर मी पुढच्या मीटिंगमध्ये हात वर केला. तिकडे एकेका क्लबच्या दोन-दोन, तीन-तीन टीमा उतरतात, मागच्या वर्षी सेमी खेळलेल्यांना सुरुवातीची फेरी खेळावी लागत नाही. आपणही तसंच करू. मेश्राम काका म्हणाले, "करा. शेवटचाच आहे." म्हणून कॉलनीची दुसरी टीम निघाली. काही ठेकेदाराकडची पोरं, दोन रिटायर काका, आणि मॅनेजर मी. पाण्याच्या बाटल्या आणि शिव्या, दोन्ही खाती माझ्याकडे.

पहिल्या मॅचच्या सकाळी मैदानावर गेले तर लाइनी मारलेल्या! खापरखेड्याची टीम उजाडतानाच येऊन बसली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचा कॅप्टन बंडू चपलेवरची फक्की झटकत म्हणाला, "मागच्या साली फायनल आम्हीच हरलो होतो ना ताई. लाइनी आमच्याच आहेत." मला तिथे रडायचं नव्हतं, पण रडले. तुमच्या तेराव्यालाही मी एवढी रडले नव्हते.

एक राग आहे तुमच्यावर, तो आजच सांगून टाकते. छातीत दुखतं हे तुम्ही मागच्या कपला लाइनी मारताना मेश्राम काकांना सांगितलंत, आईला नाही. काकाही गप्प राहिले, कप संपेपर्यंत थांबू म्हणाले. काहून, बाबा? आम्ही काय कप बंद पाडला असता? आई अजून त्यांच्याशी मोकळेपणानं बोलत नाही. चहा मात्र देते, साखर जास्त घालून.

तर आमची दुसरी टीम. एक मॅच पेनल्टीवर काढली. सेमीला समोरच्यांचे तिघे शिफ्ट बदलल्यामुळे आलेच नाहीत. अशा देवाच्या कृपेनं आम्ही फायनलला! समोर खापरखेडा.

हरलो, बाबा. सरळ सरळ हरलो. आमचा गोलकीपर एका गोलला तर बुटाची नाडी बांधत होता.

कप दिला, फोटो झाले. मेश्राम काका माइकवरून सगळ्यांचे आभार मानायला लागले, "इतकी वर्षं" म्हणाले आणि अडले. तेवढ्यात बंडू फक्कीची गोणी खांद्यावर घेऊन माझ्यापुढे आला. वर तुमचा दोर. "घ्या ताई. पुढच्या साली पहिली लाइन तुमची."

काका माइक धरून माझ्याकडे पाहत होते. घेतली नसती, तर कप तिथेच संपला असता.

मी घेतली. गोणी जड होती, ड्रेसवर फक्की सांडली. काकांनी माइक खाली ठेवला आणि माझ्याजवळ आले. दोराचं सुटलेलं टोक हातात घेतलं. मग म्हणाले, "तुले एकटीले ताणता येत नाही तो. दुसरं टोक धरायले मी येईन." मागे खुर्च्यांत आई बसली होती. ती उठली आणि काकांना म्हणाली, "मंग सकाळी चहा घेऊन जाल. घरूनच जाल."

गोणी आता तुमच्या पलंगाखाली ठेवली आहे, ओल लागू नये म्हणून. दोर गुंडाळून खुंटीवर, तुमच्या टोपीशेजारी. पुढच्या वर्षी पहिल्या मॅचच्या सकाळी उजाडताना मी मैदानावर असेन, बाबा. आमची टीम येईल, काका दुसरं टोक धरतील. लाइन वाकडी गेली तर मी पुसून पुन्हा मारीन, पण मारीन.

तुमची, फायनल हरलेली,
मंगल