चाळीस मिनिटांचं अंतर

२ नोव्हेंबर २००८
पोचलो एकदाचा दुबईला! ऑफिस अल कुसैसमध्ये, खोली वरच्याच मजल्यावर. आमची कंपनी पार उत्तर ध्रुवाकडे, बर्फातल्या दोन विमानतळांमध्ये छोटी विमानं उडवते आणि त्यांचं वेळापत्रक मी वाळवंटात बसून आखायचं. अंतर दोनशे तीस किलोमीटर, उड्डाण चाळीस मिनिटांचं. पुण्यात एवढ्या वेळात कोथरूडसुद्धा ओलांडून होत नाही. रीतीप्रमाणे पासपोर्ट कंपनीकडे जमा केला. शुभ्राला फोनवर सांगितलं, वेदांगची परीक्षा झाली की तुम्हा दोघांनाही आणतो.

एसीने दात वाजत होते. माझ्याआधीच्या उपेंद्रचा राखाडी स्वेटर खुर्चीवरच होता, तो घातला.

९ नोव्हेंबर
उपेंद्रला मागच्या महिन्यात तिकडच्या, बर्फातल्या कामावर पाठवलंय. त्याची बायको साधनाताई रोज फोन करून विचारते, विमान उतरलं का? आमचे मॅनेजर खैरुद्दीनभाई रत्नागिरीचे. त्यांनी मला उत्तर शिकवलं : "नाय म्हणायचा नाय. बोलायचा, इन्शाल्ला, चाळीस मिनिटं. खलास." हल्ली मंदीत कर्ज बुडवून लोक विमानतळावर गाड्या सोडून पळतायत, हाही पळाला असणार. बाईला कोण सांगणार? मी चाळीस मिनिटं सांगून टाकली.

२१ डिसेंबर
मंदीने अर्धं ऑफिस रिकामं केलंय. साधनाताई आज रडली नाही, नुसतं बरं म्हणाली. मला माझीच लाज वाटली. म्हणून त्याचं विमान शोधलं. पडद्यावर ठिपका आहे. दोन विमानतळांच्या मधोमध, हलतोय. ऑक्टोबरपासून. इंधन काही तासांचं असतं— रेडिओवर विचारलं. वैमानिक म्हणाला, चाळीस मिनिटं राहिली. त्याच्या मागे कुणीतरी थंडी वाजते म्हणत होतं. मराठीत.

११ जानेवारी २००९
खैरुद्दीनभाईंनी दार लावून घेतलं. म्हणाले, सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोललो तर कंपनी बंद, सगळे घरी. मग म्हणाले, तिकडे आता तू जा, नाहीतर व्हिसा रद्द. तुझं विमान वेगळं, काही होत नाही. शुभ्राने वेदांगसाठी इथल्या ऊद मेथा भागातली शाळासुद्धा ठरवून ठेवलीय. मी हो म्हणालो. पोटापुढे शहाणपण कुणाचं चाललंय!

१८ जानेवारी
माझ्या खुर्चीत मोईन बसला. नवा, महाडचा. हसत हसत पासपोर्ट देऊन टाकला त्याने. त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. शुभ्राला म्हटलं, चाळीस मिनिटांचं तर उड्डाण. स्वेटर अंगावरच आहे.

२० जानेवारी, बहुतेक
खिडकीबाहेर अंधार. इथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. वैमानिक म्हणतो, चाळीस मिनिटं राहिली. मघाशीही हेच— चढलो तेव्हा मी एकटाच होतो. आता पुढच्या सीटवर कुणीतरी कुडकुडतंय—

तारीख कळत नाही
चाळीस राहिली. शुभ्रा ऑफिसात फोन करत असेल. मोईन गोड बोलणारा आहे. तोही तिला—

पुढचा वळलाय. स्वेटर परत मागतोय. विचारतो, साधनाला रोज तूच सांगायचास ना, की चाळीस—