त्रेचाळीस सह्यांची हरकत

केर म्बोज, गांबिया
३ फेब्रुवारी

चि. बिराम यास,

दाबाताईचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे शांतीत आहोत, तूही तिकडे स्पेनमध्ये तसाच असावास.

अक्षर पाहून पत्र कोणाकडून लिहून घेतलंय असं वाटलं तर चुकशील. दुसऱ्याकडून घेतलं असतं तर बऱ्या अक्षराचा माणूस नसता का गाठला? हे माझं आहे. सत्तावन्नाव्या वर्षी मला लिहायला शिकवणं म्हणजे म्हाताऱ्या शेळीला पोहायला शिकवणं, असं शेजारच्या भट्टीवरची सुकाई गावभर सांगते. स्वतः मात्र वर्गात माझ्याच शेजारी बसते आणि माझ्या वहीत डोकावते. प्रौढवर्गाच्या आमच्या अराम बाई सव्वीस वर्षांच्या आहेत, पण नियम कडक. नातेवाइकाला फोनवर बोलून निरोप पाठवायचा नाही. पत्र लिहायचं आणि त्याचा फोटो पाठवायचा. वोलोफ आता वाचता येतं, इंग्रजीचं दुसरं पुस्तक चालू आहे.

मासळी यंदा कमी. दुपारपर्यंत भट्ट्यांवर बोंगा मासळी धुरवायची आणि मग तशाच धुरकट अंगाने वर्गाला बसायचं. बाईंनी परवा अभ्यास दिला, गावातल्या कुठल्याही भिंतीवरच्या दोन ओळी उतरवून आणा. बाकीच्यांनी साबणाच्या जाहिराती आणल्या. मी बर्फखान्याच्या भिंतीवर नवा कागद चिकटवलाय त्यातल्या आणल्या. गेल्या महिन्यात दोन परदेशी माणसं आमच्या भट्ट्यांजवळ फीत धरून जमीन मोजत होती, त्यांचाच तो असावा. त्यातला फॅक्टरी हा शब्द कळला, पण एक अडला, ऑब्जेक्शन. बाई शुक्रवारपर्यंत शहरात आहेत. तूही संध्याकाळच्या वर्गाला जातोस, तेव्हा आता शहाणपण दाखव आणि अर्थ कळव.

तुझी वाट आणि पत्र दोन्ही बघणारी,
दाबाताई


५ फेब्रुवारी

ती. दाबाताईस,

बिरामचा सा. न. वि. वि. तुझं पत्र माझ्या वर्गात सगळ्यांना दाखवलं. इक्वेडोरची एक आजी शेजारी बसते, तिने फोन दोन्ही हातांत धरून ते पाहिलं आणि तुझ्या बहिणीची ओळ माझ्यापेक्षा सरळ आहे, असं म्हणाली. सुकाईला सांग, म्हातारी शेळी समुद्र ओलांडून आली.

ऑब्जेक्शन म्हणजे हरकत. सरकार काही परवानगी देणार असेल आणि ती आपल्याला मान्य नसेल तर तसं लिहून कळवणं. माझी इथल्या नागरिकत्वाची परीक्षा ९ मार्चला आहे. पंचवीस प्रश्न, पंधरा बरोबर यायला हवेत. त्यात हाही प्रश्न असतो, म्हणून मला तोंडपाठ आहे.

पण ताई, तू त्या कागदाच्या नादी लागू नकोस. कारखाना येत असेल तर चार मुलांना काम लागेल. मोठ्या लोकांचे कागद असतात, ते त्यांनीच लावायचे आणि त्यांनीच काढायचे. तू तुझं पुस्तक पुरं कर.

प्रेम आहे तसंच राहू दे, ही विनंती.
तुझा,
बिराम


केर म्बोज, ११ फेब्रुवारी

चि. बिराम यास,

आशीर्वाद, पण आज जरा आखडत्या हाताने.

मी पूर्ण कागद उतरवला. चार दिवस लागले. मासळी भट्टीवर चढवायची आणि ती धुरेपर्यंत भिंतीसमोर उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी बर्फखान्याचा कारकून बाहेर आला. इथे उभं राहून काय करतेस, असं विचारायला लागला. मी त्याला म्हटलं, कागद लोकांनी वाचावा म्हणून लावलाय ना, मग मी लोक आहे आणि मी वाचतेय. तो आत गेला आणि मला बसायला पेटी घेऊन आला. माणूस वाईट नाही.

मग बाईंनी वर्गात एकेक ओळ अर्थासकट वाचून घेतली. परदेशी कंपनी मासळी वाळवून, दळून तिची भुकटी करणार आणि बाहेरदेशी पाठवणार. हरकत असेल तर २४ फेब्रुवारीपर्यंत तालुक्याच्या कचेरीत लेखी द्यायची. त्यानंतर सुनावणी. हे सगळं ठीक. पण नवव्या ओळीत काय आहे ठाऊक आहे? ती ओळ मी चारदा वाचली, माझंच वाचन चुकतंय असं वाटून. लिहिलंय की सदर जागा रिकामी असून कोणाच्याही वापरात नाही.

बिराम, त्या जागेवर आमच्या भट्ट्या आहेत. आम्ही त्रेचाळीस बायका तिथे रोज उभ्या असतो. आईने तुला पाठीवर बांधून तिथेच मासळी धुरवली. त्या धुरावर तू शाळेत गेलास आणि त्याच धुरावर स्पेनला पोचलास. सुकाईने ओळ ऐकली आणि स्वतःचा दंड चिमटून पाहिला. म्हणाली, मला तर दुखतंय, मी आहे वाटतं.

आणि तू लिहितोस, नादी लागू नकोस. परीक्षेत ह्या प्रश्नाचं उत्तर तू काय लिहिणार आहेस?

राग गेल्यावर माया उरेल, काळजी करू नकोस.
दाबाताई


१४ फेब्रुवारी

ती. दाबाताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. जे तुला आजवर सांगितलं नाही ते सांगतो.

मी मासळीच्या शेतीवर काम करतो एवढंच तुला माहीत आहे. समुद्रात जाळ्यांचे मोठे गोल पिंजरे असतात, त्यांत इथल्या बाजारासाठी मासे वाढवतात. मी होडीतून त्यांना खाणं टाकतो. ते खाणं भुकटीचं असतं, ताई. पोत्यांवर देशाचं नाव छापलेलं असतं. सेनेगल, मॉरिटानिया, कधी कधी आपलं. तीन वर्षं मी आपल्याच किनाऱ्यावरची बोंगा ह्या लोकांच्या माशांना भरवतोय, आणि तू मासळी कमी झाली असं लिहिलंस की मी विषय बदलतो. काम गेलं तर नागरिकत्वाची फाइल अडेल ही भीती होती. म्हणून तुला गप्प बसायला सांगितलं. हरकतीच्या प्रश्नावर पुस्तकात बरोबर खूण करायची आणि बहिणीला मात्र गप्प करायचं, असा मी विद्यार्थी.

काल आमच्या मुकादमीण रेमेदियोस बाईंना धीर करून विचारलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट हिशेब समजावला. ओल्या मासळीच्या चार-पाच टोपल्या दळल्या की भुकटीची एक टोपली निघते. त्यांचे वडीलही कोळीच होते. तुझी बहीण बरोबर जागी बोट ठेवतेय, असं त्या म्हणाल्या. हा आकडा हरकतीत घाल. आणि प्रत्येकीचं नाव, ती किती वर्षं तिथे धुरवते तेही. रिकाम्या जागेला नावं नसतात.

मला माफ केलंस तर कळव, नाही केलंस तरी कळव.
बिराम


केर म्बोज, २५ फेब्रुवारी

चि. बिराम यास,

दोन्ही हातांनी आशीर्वाद. माफी कसली मागतोस, पोटासाठी माणूस गप्प बसतो. आता बोललास, झालं.

हरकत दिली. कशी दिली ते ऐक. त्रेचाळीसपैकी एकोणीस जणी वर्गाच्या. उरलेल्या चोवीस जणींनी अंगठा दिला तरी चालेल असं बाईंनी सांगितलं. कायद्याने चालतो. पण सुकाईने ऐकलं नाही. अंगठा कोणाचा ते कोणाला कळतं, नाव लिहिलं की मी कोण ते कळतं, असं तिचं म्हणणं. मग आठ दिवस काय चाललं म्हणून सांगू. वाळूवर, टोपल्यांवर, भट्टीच्या राखेत, जिथे बघावं तिथे नावं. म्हातारी याकुंबा ऐंशीच्या पुढची, तिला दिसत नाही. तिचा हात धरून मी गिरवून घेतलं. आठव्या दिवशी तिने माझा हात झटकला आणि स्वतः लिहिलं. एक अक्षर उलटं पडलं, ते आम्ही तसंच ठेवलं.

मी आणि सुकाई २४ तारखेला तालुक्याला गेलो. कारकुनाने कागद घेतला आणि निघा म्हणाला. मी पोच मागितली. पोच लागत नाही, म्हणाला. मी म्हटलं, मला लागते, आणि बाकावर बसले. सुकाईने पिशवीतून भात काढून जेवायला सुरुवात केली. कचेरीभर धुरवलेल्या मासळीचा वास सुटला. अर्ध्या तासात शिक्का मिळाला.

दारापर्यंत आलो आणि मी शिक्का वाचला. २५ तारीख. मुदत संपल्यानंतरची. त्याने मुद्दाम केलं की कंटाळ्याने, अल्लाला ठाऊक. मी परत गेले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि आज कोणता दिवस आहे तो मला वाचून दाखव, असं सांगितलं. त्याने वाचला. मग खोडून बरोबर तारीख घातली आणि बाजूला सही केली. तीही मी वाचली. वर्षभरापूर्वी चुकीच्या तारखेचा हाच कागद मी छातीशी धरून आनंदाने घरी आणला असता.

सुनावणी १८ मार्चला आहे. तू अभ्यास कर. ताईपेक्षा कमी गुण पडलेले चालणार नाहीत.
दाबाताई


१० मार्च

ती. दाबाताईस,

सा. न. वि. वि. घाईत लिहितो. पंचवीसपैकी तेवीस. इक्वेडोरच्या आजीला चोवीस, ती आज सगळ्यांना मिठाई वाटावी तशी संत्री वाटत होती. हरकतीचा प्रश्न आला होता. खूण करताना हात थांबला नाही.

तुमची सुनावणी अठराला ना? रेमेदियोस बाई रोज विचारतात. तू तिथे बोलशील तेव्हा मी होडीवर असेन, पण कान तुझ्याकडे.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारा,
बिराम


केर म्बोज, ६ एप्रिल

चि. बिराम यास,

अनेक आशीर्वाद आणि तेवीस गुणांचे तेवीस वेगळे. निकाल हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून उशीर.

सुनावणीला कंपनीचा परदेशी माणूस, त्याचा वकील आणि समितीचे पाच जण. अध्यक्षांचं आडनाव जार्जू, म्हणजे जोला जमातीचे. मला एवढंच हवं होतं. बोलायला उठले आणि आधी विचारलं, जोला म्हणजे आम्हा सेरेरांच्या घरचा पिढीजात गडी, तो खुर्चीवर आणि मालकीण बाकावर, हा कुठला न्याय. अध्यक्ष लगेच म्हणाले की सेरेर नुसता मासा खातो आणि भातासाठी जोलाच्या दारात येतो, तेव्हा मालक कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. सगळं सभागृह हसलं. परदेशी माणूस घाबरून वकिलाकडे पाहत होता, आता मारामारी होणार असं त्याला वाटलं असावं. जोला आणि सेरेर यांचं एकमेकांना गडी म्हणण्याचं पिढीजात थट्टेचं नातं त्याला कोण समजावणार. पण हसू ओसरल्यावर अध्यक्षांनी मला खुर्ची द्यायला लावली आणि पुढे एकदाही मध्ये बोलले नाहीत.

वकील म्हणाला होता की जागेची पाहणी झाली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. मी पाहणीची तारीख वाचली. जमीन मोजली त्याच्या कितीतरी आधीची, गेल्या ईदची, बिराम. ईदला कोण मासळी धुरवतं? मग टोपल्यांचा हिशेब सांगितला. शेवटी नावं वाचायला लागले. नाव घेतलं की ती बाई उठून उभी राहायची आणि किती वर्षं ते सांगायची. बावीस. एकतीस. चाळीस. याकुंबाने चौसष्ट सांगितलं तेव्हा परदेशी माणसानेही मान खाली घातली. सगळी नावं संपली तेव्हा खोलीत बसलेलं असं फारसं कोणी उरलं नव्हतं.

काल निकालाचा कागद आला. परवानगी नाकारली आहे. धुरीची जागा आमच्या त्रेचाळीस जणींच्या नावे नोंदवावी असा हुकूम आहे. गाव बांताब्यावर, सभेच्या मोठ्या झाडाखाली, जमलं. गावप्रमुखांना वाटत होतं की शाळेच्या मास्तरांनी वाचावा, लवकर होईल. बायकांनी ऐकलं नाही. मी वाचला. दोन पानांना पाऊण तास लागला, तीनदा अडखळले. एकही माणूस उठला नाही. बायका नाचल्या तेव्हा अराम बाई झाडाच्या आड जाऊन रडत होत्या, मला दिसल्या.

कंपनी दुसरा किनारा शोधेल, मी काही भोळी नाही. आज सकाळीच खालच्या अंगाच्या गावातून सहा बायका चालत आल्या. त्यांच्याकडेही भिंतीवर कागद लागलाय. तो फोनवर दाखवून मला वाचून दाखव म्हणाल्या. मी नाही वाचला. अराम बाईंना विचारून त्यांना सांगितलं, वर्ग सोमवारी सुरू होतो, पहिलं पुस्तक मी शिकवणार आहे.

तुझी नागरिकत्वाची शपथ होईल त्या दिवशी मोठ्याने बोल, इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे. तुझ्यावरची माया तिकडच्या शिक्क्याने कमी व्हायची नाही, आणि तुझीही होऊ देऊ नकोस.

तुझी,
दाबाताई
(सुकाई शेजारून म्हणतेय, माझंही नाव घाल. म्हटलं, तू स्वतः घाल.)
सुकाई