एकटीपुरता कुकर

४ मार्च
नोकरी लागली एकदाची! आता आई शेजारणींना माझं कौतुक सांगायला मोकळी. घरगुती सल्ले देणारी वेबसाइट आहे. कपड्यांवरचे डाग कसे काढावेत, तान्ह्या बाळाला कसं झोपवावं, असलं सगळं. मजकुराच्या बाजूला जाहिराती. वाचणाऱ्याला हवी तीच दिसली की तो तिच्यावर बोट ठेवतो, आणि त्यावर आमची कमाई. कुणाला काय लागू पडेल ते सिस्टीम ठरवते, मी तिच्यावर लक्ष ठेवायचं.

साहेबांना सगळे आप्पा म्हणतात. बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. त्यांची एक पद्धत आहे, नव्या माणसाने जाहिराती आधी स्वतःच्या घरावर चालवून बघायच्या. आई, धाकटी बहीण आणि मी, तिघींचे फोन आजच जोडून दिले. धाकटी म्हणाली, ताई, म्हणजे तू आता पगारी चुगल्या करणार. शेजारच्या टेबलावर एक अबोल गृहस्थ बसतात, त्यांचं नाव पाडलंय गप्पू. घरी कोण कोण असतं विचारलं, तर म्हणाले, आता मीच.

७ मार्च
धाकटीला हेडफोनची जाहिरात दिसली, आणि तिला नेमके तेच हवे होते! लगेच घेतले. आता दिवसभर कानात गाणी. हाका मारून माझा घसा बसतो. आईला मात्र कानाच्या मशीनची जाहिरात. हसून हसून पोट दुखलं. आतल्या खोलीत बिस्किटांचा डबा उघडला तरी बाहेरून ओरडणारी बाई ती! मी जाहिरातीवर ‘चुकीची’ असा शेरा मारला. तुमच्या सिस्टीमला अक्कल नाही, असं आप्पांनाही ऐकवलं. ते नुसते हसले.

११ मार्च
आईला ऐकू येत नाही. आठ तारखेला सकाळी उठली ती तशीच. टीव्हीचा आवाज वाढवत राहिली, वाढवत राहिली आणि मग रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही, पण कान गेले ते गेले. मशीन त्याच जाहिरातीवरून मागवलं. ते लावूनही समोर उभं राहून बोललं तरच थोडंफार कळतं तिला.

आप्पांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, बघा, लागू पडली की नाही?

१३ मार्च
धाकटीच्या फोनवर कुबड्या. शेरा मारायला हात धजला नाही. गप्पूंना विचारलं. मान वर न करता म्हणाले, तुम्ही सिस्टीमची चूक दाखवलीत ना? ती चूक सुधारते. जाहिरात तशीच ठेवते, माणूस बदलते. मग म्हणाले, जाहिरात दुसऱ्या घरी ढकलता येते.

ढकलली. आमची कुणी एक वाचक, तिला धाकटीएवढी मुलगी आहे. शोधताना पहिली तीच सापडली.

१७ मार्च
त्या बाईची प्रतिक्रिया आली. मुलगी जिन्यावरून पडली, पाय कायमचा गेला. कुबड्यांची जाहिरात आदल्याच दिवशी पाहिली होती म्हणून लगेच मागवता आल्या, मनापासून आभार, असं लिहिलंय. आप्पांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

वाईट वाटलं. खूप वाटलं. पण घरी आले तेव्हा धाकटी धडधडत जिना उतरत होती, आणि मला बरंच वाटलं.

२१ मार्च
रोज येतात. भाजल्यावरचं मलम. चाकांची खुर्ची. रोज ढकलते. साइटची कमाई वाढली, माझा पगारही. आधी ढकलताना नाव वाचायचे. आता वाचत नाही.

२४ मार्च
धाकटीच्या फोनवर नवी जाहिरात. एका माणसापुरता कुकर.

एका माणसापुरता.

ढकलली. जात नाही. पुन्हा. नाही. गप्पू म्हणाले, ही घराबाहेर जात नाही. घरातल्या घरात सरकते, या फोनवरून त्या फोनवर. तुम्हीसुद्धा — असं विचारायला गेले. ते जेवत राहिले. डबा केवढासा —

२५ मार्च
जिच्या फोनवर ही जाहिरात राहील, ती एकटीच उरणार. आई आता एकटी कशी — धाकटीला तर चहासुद्धा —

कारणं कसली शोधतेय. मला मरायचं नाही. माझ्या फोनवर घेतली.

धाकटीने विचारलं, काय करतेयस? काम, म्हटलं.

२६ मार्च
आईचं मशीन दाखवायला दोघी निघाल्या. नका जाऊ म्हटलं. का, ते सांगता येईना. धाकटी हसली, म्हणाली, ताई, तुझं आपलं काहीतरीच.

खिडकीतून दिसतायत. आईचा हात तिच्या हातात. रस्ता ओलांडतायत — वळणावर ट्रक —

हाक मारली. जोरात. आईला — आणि धाकटीच्या कानात ते —

फोन शेजारीच आहे. अजून सरकवता येईल, धाकटी तरी — पेन खाली ठेवायचं आणि फोन उचलायचा. एवढंच. उचलते. हे वाक्य संपलं की उचल—