पांढऱ्या पाकिटातल्या गोळ्या

प्रिय प्रितीताई,
सप्रेम जयभीम.

तू आईला प्रत्येक फोनवर विचारतेस, "दीपू माझा फोन का घेत नाही?" आणि आई सांगते, ऑफिसात काम वाढलंय. मीच तिला तसं सांगून ठेवलंय. आई बरी आहे. चाळीच्या पुनर्विकासाची मीटिंग पुन्हा भांडणातच संपली. आपला भाऊराया संघर्ष सगळ्यात मोठ्याने ओरडत होता, अगदी बाबांचा आवाज. तुला हसू येईल म्हणून लिहिलं. भावाच्या गमती तुला सांगायची सवय अजून गेलेली नाही.

माझं दुखणं चालूच आहे. पायांत आग, मानेत पीळ, आणि मध्येच हातातली ताकद जाते. परवा ऑफिसात चहाचा कप सुटला. शेजारच्या टेबलावरची सरोजिनी म्हणाली, "अगं, लग्न कर, सगळं बरं होईल." मी हसले. काय करणार? एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल, नसांची तपासणी नॉर्मल. प्रत्येक डॉक्टर आनंदाची बातमी दिल्यासारखा रिपोर्ट मिटायचा आणि मला रडू फुटायचं. काहीतरी सापडू दे, असं मनात म्हणणारी बाई लोकांना वेडीच वाटते. तू मात्र कधी तसं म्हणाली नाहीस. वॉर्डातली नाईट करून आलीस तरी माझ्याबरोबर ओपीडीच्या रांगेत उभी राहायचीस. एकदा एक डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणून आपल्याला उठवायला लागला, तेव्हा तू जागची हलली नाहीस. "सर, ती जिना चढताना रडते. मी डोळ्यांनी बघितलंय," म्हणालीस. त्या वाक्यावर मी किती दिवस काढले, ताई.

मग तू त्या गोळ्या आणल्यास. पांढऱ्या पाकिटात, सुट्या. "आमच्या मोठ्या सरांनी खास दिल्यात, कुणाला बोलू नकोस." जेवण झालं की मी त्या घ्यायचे. आणि फरक पडला गं. पूर्ण नाही, पण पडला. चौदा एप्रिलला मी आईबरोबर भोईवाड्यातून चैत्यभूमीपर्यंत चालत गेले. तिथूनच तुला फोन केला. तू फोनवर रडलीस. ते रडणं कसलं होतं, याचा मी आता फार विचार करते.

आत्याच्या अभयचा साखरपुडा आठवतो? हॉलमधल्या आतल्या खोलीत मी निऱ्या नीट करत होते. प्लायवूडच्या पलीकडे तू आणि सुंदराआत्या. आत्याने विचारलं, "दीपीचं कसंय आता?" तू हसलीस. म्हणालीस, "कॅल्शियमच्या गोळ्या पाकिटात घालून देते तिला, त्यावरच पळतेय. तिला औषध नकोय आत्या, लाड हवेत." आत्याही हसली. मी बाहेर आले, जेवले, तुझ्या शेजारी फोटोला उभी राहिले. तू माझ्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवलास, नेहमीसारखाच, जपून.

त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत सगळं परत आलं. म्हणजे तुझंच खरं, असं तुला वाटेल. मलाही वाटलं. आईच्या शेजारी पडल्या पडल्या मी स्वतःलाच विचारायचे, मी नाटक करतेय का? पण नाटक करणाऱ्याला आपण नाटक करतोय हे कळत असेल ना? बाकीच्यांचा मला राग नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाच नव्हता. तू ठेवलास असं दाखवलंस.

हल्ली एका नवीन डॉक्टरबाईंकडे जाते. एकटीच. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून माझं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. तपासणीत दिसत नाही, एवढंच. यावर आपल्याला काम करता येईल." मग त्यांनी विचारलं, मध्ये बरं वाटत होतं तेव्हा काय चालू होतं? घरातलं कुणीतरी गोळ्या देत होतं, एवढंच बोलले. त्या म्हणाल्या, त्यांना पुढच्या वेळी घेऊन या. काहीतरी बनवून सांगणं सोपं होतं. पण मग माझ्या दुखण्याबद्दल खोटं बोलणारी मी खरोखरच झाले असते.

म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळी त्यांच्या दवाखान्यात ये. पत्ता कागदाच्या मागे लिहिलाय. संघर्षला मध्ये घालू नकोस, आईला सांगू नकोस. त्या बाईंसमोर, मी शेजारी बसलेली असताना, काय दिलंस आणि का दिलंस ते तुझ्या तोंडाने सांग. माझ्याबरोबर रांगेत उभी असताना तुला मनातून काय वाटायचं, तेही सांग. मला ते ऐकायचंय, कितीही वाईट असलं तरी. आलीस तर मी खाली दाराशी असेन. नाही आलीस, तर वर जाऊन त्यांना सांगेन, की गोळ्या देणारं माणूस आता माझं कुणी राहिलेलं नाही.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
दीपिका