वातींचा कापूस

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

आज पुन्हा तेच. टीव्हीचा आवाज इतका, की फोडणीची मोहरी तडतडलेली ऐकूच आली नाही – करपली. "रमा, कमी कर," म्हणून ओरडले. केला. हे हातपाय धुऊन येऊन बसले, की पुन्हा वाढवला. बारा वर्षांची घोडी झाली, एक शब्द ऐकत नाही.

शेजारच्या कमलिनीबाई म्हणाल्या, "पोरीचं डोकं रोज दुखून राहिलं न? त्या डब्ब्यानंच. विकून टाका." खरंच आहे. टीव्ही नव्हता तेव्हा सुपेल्यातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी लगोरीची भांडणं मिटवता मिटवता माझा जीव जायचा. आता दारात उभी राहिले तरी अंगावर चेंडू येत नाही. त्या भांडणांचीही आठवण येते, काय सांगू.

११ नोव्हेंबर

वातींचा कापूस पुन्हा संपला. उंदीर असावा.

१३ नोव्हेंबर

रमाला डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठीक, रक्त ठीक. "रोज एवढ्या आवाजात बसली तर डोकं दुखणारच. पुढे कानही जातील." घरी येऊन समजावलं. तिने मान हलवली. आणि संध्याकाळी पाहते तर आवाज तसाच – आणि बाईसाहेबांच्या दोन्ही कानांत माझा वातींचा कापूस! स्वतःच वाढवायचा, स्वतःच बोळे घालायचे. वेड लागलंय पोरीला. तिच्या कानांची मला फार काळजी वाटते.

१४ नोव्हेंबर

यांना म्हटलं, तुम्ही तरी रागवा तिला. हे नुसते हसले. हल्ली काहीही सांगा, हसतात.

लग्नानंतर पुलगावला आमच्याकडे रेडिओ होता. सासूबाई पलीकडच्या खोलीत, म्हणून आवाज अगदी बारीक. आम्ही दोघं डोक्याला डोकं टेकवून रेडिओशी बसायचो. एखादा शब्द मला कळला नाही, की हे कानात सांगायचे. अर्धी गाणी मी यांच्याच तोंडून ऐकलीत. किती सुखाचे होते ते दिवस.

ठरवलं. कुम्हारीला यांचे मावसभाऊ धोंडबा राहतात, त्यांना निरोप धाडला – रविवारी या, टीव्ही घेऊन जा.

१६ नोव्हेंबर, रविवार

रमा कमलिनीबाईंकडे गेली होती, म्हणून मी आवाज कमी करून ठेवला. हे समोर बसलेले, चेहरा कोरा. धोंडबांनी दारातून हाक मारली, "भाऊ, हाव का घरी?" हे वळले नाहीत. "अहो, धोंडबा आलेत," मी मागून म्हटलं. तरी नाहीत. तेवढ्यात रमा धावत आली, बटण पिळून आवाज वाढवला, कानांत बोळे घातले. आणि यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

तिला स्वयंपाकघरात ओढलं. "कावून करून राहिली तू असं?"

तिने कानांतले बोळे काढले. मग म्हणाली, "बाबाले ऐकू नाही येत, आई. आवाज कमी असला की मी हसली का मंग ते हसतात. बाबाच बोलले, किसी को मत बताना, रसमड्याच्या कारखान्यात समजलं तर काम जाईल. आईलेही नको सांगू. मी वाढवला तर तू मलेच रागावतं न – त्याईले तर नाही."

मला रडू आवरेना. धोंडबांना चहा पाजून रिकाम्या हाताने पाठवलं.

१७ नोव्हेंबर

रमा आत अभ्यासाला बसली. टीव्हीचा आवाज मी अगदी बारीक केला. यांना चिकटून बसले आणि पडद्यावरचं एकेक वाक्य कानात सांगू लागले. हे दचकले. मग माझ्या डोक्याला डोकं टेकवून म्हणाले, "कवापासून माहीत हाय तुले?"

"कालपासून," मी कानात सांगितलं.